आडवे गेलेले मांजर : नागझिऱ्याच्या वाटेवरची कृष्णधवल चित्रे

मांजर आडवे गेले की दोन पावले मागे सरणाऱ्या आपल्या समाजात, मांजर कधी आडवे जाते याची वाट पाहत रस्त्याच्या कडेला थांबून राहणे हा उद्योग विचित्रच म्हणायला हवा. परंतु रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा इतिहास चाळला तर या उद्योगात भलेभले रमलेले दिसतात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये घेतलेल्या एका प्रसिद्ध चित्रात इमारतींमधल्या चिंचोळ्या बोळात एक माणूस बसला आहे आणि त्याच्यासमोर थोड्या अंतरावर एक मांजर. एवढ्या मोठ्या शहरात त्या क्षणी जणू त्या दोघांखेरीज कोणीच नाही. त्याच शहरात १९४९च्या हिवाळ्यात वॉल्टर चॅन्डोहा यांना बर्फात एक बेवारस पिल्लू सापडले. ते त्यांनी घरी नेले आणि पुढची जवळजवळ सत्तर वर्षे मांजरांचीच चित्रे काढली. जपानी छायाचित्रकार नोबुयोशी अराकी यांच्या पत्नीच्या मृत्यूनंतरच्या शोकमय मालिकेतही चिरो नावाची मांजर आहे. ही ओढ का असावी? मला वाटते, मांजर सांगून बसत नाही, हेच तिचे कारण. कुत्रा कॅमेऱ्याकडे पाहतो, माणूस कॅमेरा दिसताच चेहरा बदलतो. मांजर आपल्या वाटेने जाते. समोरच्याने आपली दखल न घेता आपल्या हाती लागावे, ही रस्त्यावरच्या छायाचित्रकाराची मूळ इच्छा मांजर जशी पुरी करते तशी दुसरे कोणी करत नाही.

या परंपरेचा गोंदिया जिल्ह्याशी संबंध काय, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. संबंध आपल्या भाषेतच आहे. मांजर ही वाघाची मावशी, असे आपण लहानपणापासून ऐकतो. प्राणिशास्त्रही नात्याचे नाव तेवढे बदलते, घराणे तेच ठेवते. वाघ, बिबट्या, रानमांजर, वाघाटी आणि आपल्या चुलीपाशी पसरलेली मनी ही सारी एकाच मार्जारकुळातली. आणि या कुळातल्या प्राण्यांची वाटेवर घेतलेली, बहुतांशी रात्रीची, कृष्णधवल चित्रे गेली काही वर्षे ज्या सातत्याने गोंदियाच्या जंगलांत निघत आहेत, ते सातत्य पॅरिसच्या किंवा न्यूयॉर्कच्या कोणत्याही एका छायाचित्रकाराच्या आवाक्यातले नव्हते. ही चित्रे कोणत्याही दालनात लागत नाहीत. वर्तमानपत्रात आली तर त्यांखाली ‘वाघ कॅमेऱ्यात कैद’ एवढे तीन शब्द असतात. त्या तीन शब्दांत कर्ता नाही, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्यांच्या लक्षात आले असेलच. त्या लोपलेल्या कर्त्याकडे आपल्याला पुढे यायचे आहे.

आधी जागा. १९९९ साली १ मे रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. त्याच्या पोटात एका बाजूला नागझिरा आणि दुसऱ्या बाजूला नवेगावबांध अशी दोन जंगले आहेत. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि डिसेंबर २०१३मध्ये आसपासच्या लहान अभयारण्यांसह दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. दोहोंच्या मधून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग जातो. मराठी वाचकाला मात्र ही जंगले शासकीय अधिसूचनांमधून नव्हे, पुस्तकांतून ठाऊक झाली. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींचे ‘नवेगावबांधचे दिवस’ ही दोन नावे पुरेशी आहेत. चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथे राहिले. १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. त्यांच्या आणखी एका गाजलेल्या पुस्तकाचे नाव ‘रानवाटा’. रानाचा परिचय करून देणाऱ्या लेखकाला झाड, पाखरू किंवा श्वापद न सुचता वाट सुचावी, याला माझ्या मते अर्थ आहे. जंगलात सारे काही वाटेवर घडते. गाडीवाट, जाळरेषा, पाणवठ्याकडे उतरणारी पायवाट यांवरून माणूस चालतो, रानगवा चालतो आणि वाघही चालतो. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या तळव्यांना मऊ फुफाटा सोयीचा असतो. काटेकुटे आणि वाजणारा पाचोळा टाळून ते आखलेल्या वाटेने जाणे पसंत करतात. जंगलातला रस्ता हा असा खरोखरीच रहदारीचा रस्ता असतो.

या वाटेचा छायाचित्रणासाठी उपयोग करून घेणारा भारतातला पहिला महत्त्वाचा माणूस म्हणजे फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन. ब्रिटिश अमदानीत ते संयुक्त प्रांतात वनाधिकारी होते. त्यांच्या बरोबरीचे साहेब मचाणावर बंदूक घेऊन बसत असताना यांनी शिवालिकच्या पायथ्याच्या रानवाटांवर कॅमेरा मांडला, वाटेवर बारीक तार आडवी बांधली आणि ती तार झडप उघडणाऱ्या यंत्रणेला व मॅग्नेशियमच्या झोताला जोडली. वाघ चालत आला, पंजा तारेला लागला, लख्ख उजेड पडला आणि वाघाने स्वतःच स्वतःचे चित्र काढले. १९२५ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने ही चित्रे छापली, १९२७ साली ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्यांचे पुस्तक निघाले. जिम कॉर्बेट बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळले त्यात या चित्रांचा वाटा होता, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. चॅम्पियनच्या आधी अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी रात्रीच्या चित्रणाचा मार्ग दाखवला होता. त्यांची चौऱ्याहत्तर चित्रे ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या जुलै १९०६च्या अंकात आली, आणि एका विद्वत्तापूर्ण भूगोलविषयक नियतकालिकाचे चित्रपुस्तक झाले म्हणून मंडळातल्या दोघांनी राजीनामा दिला! शिरास यांच्या १९०२च्या एका चित्रात तळ्याकाठी लिंक्स, म्हणजे उत्तरेकडचे झुबकेदार कानांचे रानमांजर, बसलेले आहे आणि काळ्या पाण्यात त्याचे प्रतिबिंब आहे. होडीच्या टोकाला दिवा लावून किनाऱ्यावरच्या हरणाला दिपवायचे, ही तिथल्या ओजिब्वे आदिवासींची शिकारीची रीत होती. शिरास यांनी तीच रीत घेतली, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला.

शिकार आणि छायाचित्र यांचे हे शेजारपण मराठीने एका क्रियापदात साठवून ठेवले आहे. आपण सावज टिपतो आणि छायाचित्रही टिपतो. पाखरू दाणे टिपते. ऐकलेले विसरू नये म्हणून लिहून ठेवतो तेही टिपणच. अचूक वेध, बारीक वेचणी आणि नोंद हे तिन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. गंमत अशी की वाघाच्या बाबतीत हे अर्थ कालक्रमाने एकामागून एक आले: आधी तो बंदुकीने टिपला गेला, मग माणसाने त्याचे ठसे वेचले, आणि आता कॅमेरा त्याची नोंद करतो.

मधल्या टप्प्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण साहित्याच्या अभ्यासकाला तो जवळचा वाटेल. १९७२च्या पहिल्या देशव्यापी व्याघ्रगणनेपासून तीसेक वर्षे भारतात वाघ मोजले गेले ते पावलांच्या ठशांवरून. ओडिशातले वनाधिकारी सरोजराज चौधुरी यांनी साठच्या दशकात ही पद्धत बसवली. बीटवरचा वनरक्षक पहाटे वाट धुंडाळायचा, ठसा सापडला की त्यावर काच धरून त्याची बाह्यरेषा गिरवायचा, प्लास्टरचा साचा काढायचा. नर की मादी, एकटी की पिलांसह, रात्री गेली की पहाटे, हे सारे धुळीतून वाचले जाई. हे खरोखर वाचनच होते. ज्यांनी ते केले त्यांतल्या कित्येकांना कागदावरचे वाचन बेतास बात येत असेल, पण वाटेची लिपी त्यांना अवगत होती. मात्र या लिपीविषयी हळवे होण्यात अर्थ नाही. एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत एक दिसतो आणि कोरड्या फुफाट्यात दुसरा. वाचणारे बदलले की संख्या बदलते. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर वाघ शिल्लक होते आणि २००४-०५मध्ये जंगलात एकही उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा या पद्धतीवरचा उरलासुरला विश्वासही गेला.

तिच्या जागी जी पद्धत आली तिची बैठक उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी कर्नाटकातल्या नागरहोळेत घातली होती. तत्त्व साधे आहे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, म्हणून चित्रावरून व्यक्ती ओळखता येते. पहिल्या फेरीत किती वेगळे वाघ दिसले आणि पुढच्या फेऱ्यांत त्यांतले किती पुन्हा दिसले, यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे लावावे लागतात. चॅम्पियनची तार गेली. आता प्राण्याच्या शरीराची उष्णता आणि हालचाल जाणवून कॅमेरा आपोआप चालतो. २००६च्या गणनेपासून देशभर ही पद्धत आली. त्या वेळी भारतातल्या वाघांची संख्या १४११ निघाली. २०२२च्या गणनेत ती सरासरी ३६८२ असल्याचे सांगण्यात आले. २०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांवर चित्रे निघाली. त्यांत वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७. म्हणजे हजार चित्रांत चारही मोठी मांजरे नाहीत. उरलेल्या चित्रांत चितळ, डुक्कर, गुरे, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत.

आता रंगाचा, किंवा रंग नसण्याचा मुद्दा. सगळेच कॅमेरा-सापळे कृष्णधवल चित्रे घेतात असे नाही. दिवसा चित्र रंगीत येते, आणि पांढऱ्या झोताचे कॅमेरे रात्रीही रंगीत, स्पष्ट चित्र देतात. पट्टे ओळखायला ते बरे पडतात. परंतु झोतामुळे प्राणी दचकतो आणि कॅमेरा कुठे आहे हे चोरालाही कळते. इन्फ्रारेड कॅमेरा अदृश्य प्रकाश टाकतो आणि त्याचे रात्रीचे चित्र करड्या छटांत उमटते. अशा चित्रात वाघाचा केशरी रंग नाहीसा होतो, काळे पट्टे तेवढे उरतात, आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके चमकतात, कारण मांजरकुळाच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. चित्राच्या तळाशी एक पट्टी: तारीख, वेळ, तपमान आणि कित्येक कॅमेऱ्यांत चंद्राची कला. चंद्राची कला नोंदवणारे दुसरे कोणते सरकारी कागदपत्र असेल, मला आठवत नाही.

हे रंगहीन चित्र खऱ्याहून दूर आहे असे आपल्याला वाटते, ते आपण माणूस असल्यामुळे. चितळाला आणि सांबराला लाल-केशरी आणि हिरवा यांत आपल्यासारखा भेद करता येत नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे दाखवले की अशा डोळ्यांना केशरी वाघ पर्णराजीच्या रंगातच मिसळलेला दिसतो. म्हणजे ज्यांच्यासाठी वाघ ही जीवनमरणाची बाब आहे त्यांना तो कधीच रंगीत दिसला नाही. केशरी वाघ ही आपली, पर्यटकांची, चैन आहे. आणि तीही दिवसापुरती. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी मोजण्याची विदर्भात जुनी रीत आहे. आता वनखाते तिला ‘निसर्गानुभव’ म्हणते आणि नागझिऱ्यातही त्यासाठी लोक येतात. चांदण्यात माणसाच्याही डोळ्यांना रंग कळत नाहीत. त्या रात्री मचाणावरचा प्रत्येक जण कृष्णधवलच पाहत असतो. मद्रासचे एम. कृष्णन यांनी रंगीत फिल्म सहज मिळू लागल्यावरही आयुष्यभर कृष्णधवलच चित्रे काढली. रंग वगळल्यावर प्राण्याची ठेवण आणि त्याच्या अंगावरचा उजेड याखेरीज पाहायला काही राहत नाही, आणि पाहणाऱ्याला तेवढेच पाहावे लागते.

या चित्रांनी वाघाला एक गोष्ट दिली जी ठशांना देता आली नव्हती: चरित्र. नागझिऱ्यात वाढलेल्या दोन भावांना ‘शोले’वरून जय आणि वीरू ही नावे पडली होती. २०१३ साली जय नागझिऱ्यातून दिसेनासा झाला आणि काही काळाने, मधल्या नद्या, शेते आणि महामार्ग ओलांडून, उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात एक मोठा नर दिसू लागला. तो जयच, हे ठरले ते जुन्या आणि नव्या चित्रांतले पट्टे जुळवून. पुढे त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर आली, त्याला पाहायला देशभरातून गाड्या आल्या, आणि एप्रिल २०१६मध्ये कॉलरचा संकेत बंद पडला तो पडलाच. जय पुन्हा कोणत्याही कॅमेऱ्यासमोरून गेला नाही. वर्तमानपत्रांनी जो शोक केला तो एका प्राण्याचा नव्हता, एका पात्राचा होता. पट्ट्यांच्या नोंदीचा दुसराही एक उपयोग आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जप्त केलेली वाघाची कातडी जिवंतपणीच्या चित्राशी संगणकाने जुळवून दाखवली होती. मृत्यूनंतर ओळख पटवण्यासाठी छायाचित्र लागणे, हे माणसांच्या जगातून आपल्या चांगले परिचयाचे आहे.

रानवाट संपून डांबरी रस्ता लागतो तिथे चित्राचा प्रकार बदलतो. ऑगस्ट २०२३मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीजवळ एका तरुण वाघाला मोटारीची धडक बसली. जखमी वाघ स्वतःला रस्त्याकडेला ओढत नेतो आहे, अशी हलती चित्रे लोकांनी मोबाइलवर काढली आणि ती दिवसभर फिरत राहिली. तो वाघ वाचला नाही. ही चित्रे ज्यांनी पाहिली त्यांना कॅमेरा-सापळ्याच्या चित्रातली शांतता म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. तिथे पाहणारा नसतो, म्हणून प्राणी आपल्या चालीने चालतो. तिवस्याच्या किंवा साजाच्या झाडाला बांधलेल्या त्या डब्याला गर्दी करता येत नाही.

परंतु पाहणारा नसतो हे कितपत खरे? कॅमेरे लावण्याचा हंगाम बहुधा कोरडा, उन्हाळ्याकडे झुकलेला. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे, अंधार असतानाच, गोंदियाच्या गावांतल्या बाया मोहफुले वेचायला रानात शिरतात. मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम. वर्षभराच्या रोख मिळकतीचा मोठा हिस्सा या दोन हंगामांत असतो. वाट तीच. उष्णता आणि हालचाल टिपणाऱ्या यंत्राला वाघ आणि बाई यांतला फरक कळत नाही. रस्त्यावरच्या छायाचित्रकाराला नेहमी विचारला जाणारा प्रश्न, ‘त्यांना विचारले होते का?’, इथे अधिक टोकदार होतो, कारण विचारायला तिथे कोणीच नसते. कार्तिए-ब्रेसाँ यांच्या ज्या पुस्तकाचे इंग्रजी नाव ‘निर्णायक क्षण’ असे झाले, त्याचे मूळ फ्रेंच नाव चोरटेपणा सुचवणारे आहे: परवाना नसलेला फेरीवाला पोलिसावर नजर ठेवून घाईघाईने माल विकतो, त्या विक्रीसाठी तो शब्दप्रयोग वापरतात. इंग्रजी नावाने त्यातला अपराध पुसून टाकला.

हा केवळ तात्त्विक प्रश्न नाही. केंब्रिज विद्यापीठातले त्रिशांत सिमलाई यांनी उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांत चौदा महिने राहून, २७० लोकांशी बोलून केलेला अभ्यास नोव्हेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. घरातल्या जाचातून मोकळे होण्यासाठी, मोकळेपणाने गाण्या-बोलण्यासाठी, विडी ओढण्यासाठी स्त्रिया जंगलात जात; कॅमेरे लागल्यापासून त्या गप्प झाल्या, आवाज दबला, आणि चालताना गाण्याने प्राण्यांना जी सूचना मिळत असे तीही बंद झाली. २०१७ साली शौचाला बसलेल्या एका स्त्रीचे असे चित्र कॅमेऱ्यातून बाहेर पडून गावात फिरवले गेले. चिडलेल्या गावकऱ्यांनी जवळपासचे कॅमेरे फोडले. कॉर्बेटचा अनुभव जसाच्या तसा नागझिऱ्यावर लादता येणार नाही, पण मोहाच्या झाडाखालची पहाट दोन्हीकडे सारखीच असते. मांजराला खासगीपणाची कल्पना नाही, म्हणून मांजराचे चित्र निष्पाप. त्याच वाटेवर, त्याच उंचीवर, त्याच अदृश्य उजेडात घेतलेले माणसाचे चित्र निष्पाप राहत नाही. मोजणीसाठी मानवी चित्रे लगेच खोडून टाकण्याचा नियम काटेकोर असावा आणि तो ग्रामसभेला तपासता यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाघाच्या संख्येत त्याने एकाचाही फरक पडणार नाही.

लहान मांजरांची गोष्ट निराळी. गणना वाघांची असते. बिबट्याची त्यांबरोबर होते. रानमांजर किंवा वाघाटी कॅमेऱ्यासमोरून गेली तर ती जाळ्यात नको असताना आलेल्या मासोळीसारखी. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक, वजन जेमतेम किलो-दीड किलो, भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून कुठेच नाही. तिच्याविषयी जे थोडे कळले आहे त्यात या वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांचा मोठा हात आहे. आपल्या समीक्षेत प्रमुख कवींची पाठभेदांसह संशोधने होत असताना एखादा लहान कवी दुसऱ्याच कोणाच्या पत्रव्यवहारात सापडतो, तसे हे सापडणे.

आता कर्त्याकडे. न्यूयॉर्कचे रस्ते पालथे घालणारे गॅरी विनोग्रँड १९८४ साली वारले तेव्हा त्यांच्यामागे सुमारे अडीच हजार रिळे न धुतलेली सापडली. त्यांनी बटण दाबले होते, चित्र पाहिले नव्हते. १९८८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांतून काही निवडून भिंतीवर लावली आणि ती विनोग्रँड यांची चित्रे म्हणूनच लावली. म्हणजे चित्र पाहणे आणि निवडणे हे कर्तृत्वाला अपरिहार्य नाही, असे तिथे मानले गेले. नागझिऱ्याच्या वाटेवर बटणही कोणी दाबत नाही. मग कर्ता कोण? यंत्र म्हणावे तर यंत्राला वाट ठाऊक नसते. चौरसांत विभागलेला नकाशा दोन चौरस किलोमीटरमागे कॅमेऱ्यांची एक जोडी लावा एवढेच सांगतो. त्या दोन चौरस किलोमीटरमध्ये कोणत्या वळणावर, कोणत्या झाडाला, नाला उतरतो त्याच्या अलीकडे की पलीकडे, हे वनरक्षक आणि त्याच्याबरोबरचा वनमजूर ठरवतात. ओरबाडलेली साल, मूत्राचा वास, विष्ठा, धुळीतला ठसा पाहून ते सांगतात की मांजर इथून जाईल. गणनेतून हद्दपार झालेली ती जुनी लिपी अशी कॅमेऱ्याच्या मागे जिवंत आहे. छायाचित्रणात ज्याला दृष्टी म्हणतात ती हीच: प्राणी येण्याआधी त्याची जागा दिसणे. चॅम्पियन यांनी हेच केले आणि त्यांच्या नावावर पुस्तक आहे.

हे काम बसून करण्याचे नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात, गणनेच्याच पूर्वतयारीत तीन वनमजुरांसह पायी रेषा चालत असताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांना वाघिणीने मारले. वाघिणीला त्या पर्यटकांहून अधिक जवळून आणि कमी संरक्षणात ओळखत होत्या. गणनेच्या अहवालात प्रकल्पनिहाय वाघांची चित्रे ओळीने छापलेली असतात, प्रत्येकाला क्रमांक असतो. चित्र कोणाच्या बीटवर, कोणी लावलेल्या कॅमेऱ्यातून आले याचा रकाना त्यांत नसतो. २०२३ आणि २०२४मध्ये ब्रह्मपुरीकडून आणून नागझिऱ्यात सोडलेल्या तीन वाघिणींना एनटी-१, एनटी-२, एनटी-३ अशी नावे मिळाली आणि ती वर्तमानपत्रांत आली. त्यांच्यावर पाळत ठेवत रात्रंदिवस मागे फिरणाऱ्या पथकांतल्या माणसांची आली नाहीत.

तरी त्यांची एक सही प्रत्येक कार्डावर असते. कॅमेरा बांधून झाला की तो नीट चालतो की नाही, प्राण्याच्या उंचीवर लागला आहे की नाही, हे पाहण्यासाठी बांधणाऱ्यालाच त्याच्यासमोरून जावे लागते. उभ्याने नव्हे, वाकून, कधी हातापायांवर, वाघासारखे. म्हणून बहुतेक कार्डांवरचे पहिले चित्र खाकी कपड्यांतल्या एका माणसाचे असते. तो वाटेवर रांगत आडवा चाललेला असतो, मान कॅमेऱ्याकडे वळलेली, लाल दिवा लागला का ते पाहत. तळाच्या पट्टीवर तारीख आणि वेळ. दिवसाचे म्हणून हे चित्र रंगीत असते. चित्रांची वर्गवारी सुरू झाली की पहिल्यांदा तेच वगळतात.